ब्रुनो फक्त हमालांनाच धरतो

“इंजेक्शन द्या आणि विषय संपवा,” असं शिवानंदअण्णा मला सांगत होते, तेव्हा ब्रुनो माझ्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपायच्या बेतात होता. सात रस्त्याजवळच्या माझ्या क्लिनिकमध्ये फरशी गार असते आणि वर पंखा असतो. तेवढं त्याला पुरेसं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी याच कुत्र्यानं एका हमालाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला होता.

शिवानंदअण्णा दुधनीचे. त्यांचं तिथं आडत दुकान आहे, म्हणजे शेतकऱ्यांनी आणलेला माल विकून देणारं दुकान. तूर, उडीद, हरभरा. दुकानामागं मोठं गोडाऊन. एकदा गोडाऊन फुटलं, तूर चोरीला गेली, आणि अण्णांनी रॉटवायलरचं पिल्लू आणलं. काळंभोर, भुवयांवर तांबडे ठिपके, छाती ही एवढी. मी त्याला लहानपणापासून लसी देत आले होते. माझ्याकडे तो कधी गुरगुरलाही नव्हता.

त्यांना हवं होतं ते इंजेक्शन म्हणजे कायमचं झोपवायचं. आमच्या धंद्यात ते द्यावं लागतं. बरा न होणारा कॅन्सर असतो, मोडलेला मणका असतो. मी दिलेलं आहे आणि दर वेळी घरी जाऊन न जेवता झोपले आहे. पण धडधाकट जनावराला, मालकाला कटकट नको म्हणून? मी सरळ नाही म्हटलं.

“डॉक्टर, आत्ता साधू दिसतोय. तिथं बघायला पाहिजे होतं तुम्ही. जातच वाईट याची. खाण तशी माती.”

“पिल्लू घेताना खाण बघितली होती का? आई-बाप?”

“फोटो बघितला की.”

मी डोक्याला हात लावला. लोक सोयरीक जुळवताना सात पिढ्या खणतात, आणि पन्नास किलोचं जनावर मोबाइलवरचा फोटो बघून घरात आणतात. असो. आधी मी त्यांना दुसरी गोष्ट समजावली. कुत्रा माणसाला चावला की तो मारायचा नसतो, दहा दिवस बांधून डोळ्यांखाली ठेवायचा असतो. याला आम्ही ऑब्झर्वेशन म्हणतो. चावताना त्याच्या लाळेत रेबीज असेल, तर तेवढ्या दिवसांत त्याची तब्येत बिघडतेच. ठणठणीत राहिला, तर तो धोका नव्हता असं समजायचं. चावलेल्या माणसाची लस मात्र कशाचीही वाट न बघता सुरू करायची. मल्लप्पाला, म्हणजे त्या हमालाला, लस आणि जखमेत द्यायचं सीरम दोन्ही दिलंय का, हे मी तिथूनच सरकारी दवाखान्यात फोन लावून विचारलं. दिलं होतं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

“मग दहा दिवसांनी द्या,” अण्णा म्हणाले. “हमालांचा मुकादम ऐकायला तयार नाही. कुत्रं हाय तवर एक पोतं हलणार न्हाय म्हणतो. सीझन आहे, डॉक्टर. माल रस्त्यावर पडेल.”

मी विचारलं, याआधी कुणाकुणावर धावून गेलाय? आठवून सांगा. अण्णांनी आठवलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा उंचावला, म्हणजे अभिमानानं. म्हणाले, त्याचं एक आहे, त्याला माणूस कळतो. शेतकरी आले, व्यापारी आले, बँकेचे लोक आले, कुणाला काही नाही. “फक्त हमालांनाच धरतो. दोनदा आधीही झडप घातली होती, पण साखळी होती. आपला कोण आणि चाकर कोण, बरोब्बर ओळखतो.”

मला राग आला. कुत्र्याचा नव्हे.

आता हा जातीचा प्रश्न लोक मला रोज विचारतात, म्हणून माझं मत सांगून टाकते. माझ्या उजव्या हातावर जे टाके आहेत, ते एका पांढऱ्याशुभ्र पामेरियनचे आहेत. त्याची मालकीण त्याला ‘शोनू’ म्हणायची. म्हणून काय मी रॉटवायलर आणि पामेरियन सारखेच म्हणू? नाही म्हणत. रक्तात काहीतरी येतंच. राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं कुत्रं धरायला लवकर शिकतं आणि धरलेलं सोडायला उशीर लावतं. त्यात घरच्या घरी भाऊ-बहीण जुळवून पिल्लं विकणारे असतात. त्यांची पिल्लं कधी कधी जन्मतःच बिथरलेली असतात. पण बिथरलेलं कुत्रं सगळ्यांवर बिथरतं. शेतकरी सोडून हमाल निवडत नाही. कुत्र्याला कुणाचा हुद्दा कळत नाही, तो माणसांचा रोग आहे.

म्हणून मी आठवड्यानं दुधनीला गेले. ब्रुनो ऑब्झर्वेशनमध्येच होता, गोडाऊनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तोंडाला मझल. मझल म्हणजे जाळीची मुसकी. पाणी पिता येतं, चावता येत नाही.

दुकानात पाय ठेवला तर कामच बंद. हमालांची टोळी भिंतीला टेकून बसलेली. दारात टेंभुर्णीच्या बाजूनं आलेला एक ट्रक भरलेला उभा, ड्रायव्हर कंटाळून स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपलेला. मुकादम उठून पुढं आला. मला वाटलं शिव्या देतो की काय. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

“मॅडम, तुमी कुत्र्याच्या डॉक्टर. तुमाला त्याचा जीव दिसतो. आमचा हात दिसत न्हाय का?”

मल्लप्पा शेजारीच बसला होता, हात गळ्यात बांधलेला. तिशीतला असेल. त्याच्या शेजारी बसले आणि काय झालं ते विचारलं. तो हळूहळू सांगत गेला. दिवस कलला होता. शेवटची पाच-सहा पोती राहिली होती. याच्या पाठीवर पोतं, दोन्ही हात वर, मान खाली. समोरून कुत्रं आलेलं दिसलंसुद्धा नाही. हाताला धरलं, हा पडला, अंगावर पोतं पडलं, आणि पोत्याखाली हा आणि कुत्रा. दोन बोटं अजून मिटत नव्हती. हमालाच्या हाताला बोटं मिटता येत नसतील, तर त्यानं आकडा धरायचा कसा आणि पोतं ओढायचं कसं? त्याच्या बायकोनं हेच मला दोनदा विचारलं. ती त्याचा डबा घेऊन आली होती.

“कुत्रं सुटलं कसं?” मी अण्णांकडे वळून विचारलं.

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. रोज हमाल गेले की कुत्रा सोडायचा, असा नियम होता. त्या दिवशी ट्रक उशिरा आला. अण्णांनी घड्याळ बघितलं, नेहमीची वेळ झाली होती, आणि साखळी काढली. आत कोण आहे हे बघितलंच नाही. इतका वेळ ‘जात वाईट, जात वाईट’ चाललं होतं, त्यात ही एवढीशी गोष्ट त्यांनी मला क्लिनिकमध्ये सांगितली नव्हती.

मी ठरवलं, आज उत्तर घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. अण्णांचे वडील, अप्पा, यांना म्हटलं, ब्रुनोला शेडमधून काढून अंगणातल्या लोखंडी कडीला बांधा, दोन साखळ्यांनी, मझल तशीच राहू द्या. मग मी खुर्ची टाकून बसले. नुसती बसले. आमच्या कामात बसून बघणं हेही काम असतं, पण त्याचे कुणी पैसे देत नाही, म्हणून कुणी करत नाही.

टोळी जेवायला बसली. अंगणाच्या दुसऱ्या कडेला, ब्रुनोला सरळ दिसेल अशी. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. मी ब्रुनोवर नजर ठेवून होते. त्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं, नाक वर करून चटणीचा वास घेतला, आणि पाय पसरून आडवा झाला. मुकादम त्याच्या अगदी समोरून हात धुवायला गेला. ब्रुनोनं शेपटीचं टोक हलवलं. हमालच हे सगळे. तीच माणसं, तेच कपडे, तोच घामाचा वास. मग याला हमाल चालत नाहीत, असं कोण म्हणतंय?

जेवण झाल्यावर मुकादमानं एका माणसाला सांगितलं, ट्रकची ताडपत्री तेवढी नीट कर, वारं सुटलंय. तो उठला, भिंतीवरचं बारदान उचललं, झटकलं आणि सवयीनं डोक्यावर घेतलं.

ब्रुनो उभा राहिला.

गुरगुरला नाही, भुंकला नाही. नुसता उभा राहिला, कान पुढं, मान ताठ. त्याची नजर त्या बारदानावर खिळली होती. वाचकांपैकी कुणी बाजारात पोती उचलताना बघितली नसतील, तर सांगते: रिकाम्या तागाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की खोळ तयार होते. ती डोक्यावरून पाठीपर्यंत येते. ओझ्यानं पाठ सोलत नाही, भुसकट मानेत जात नाही. आडतीवरचा प्रत्येक हमाल ती घालतो, आणि आडतीवर हमालाशिवाय दुसरं कुणी घालत नाही.

मी त्या माणसाला म्हटलं, बाबा, बारदान काढून ठेव. त्यानं काढलं. ब्रुनो खाली बसला. पुन्हा घाल म्हटलं. ब्रुनो उठला, आणि या वेळी साखळीला ताण आला.

“अण्णा, याला ट्रेनिंग कुणी दिलं?”

कुणी एक ट्रेनर येत होता म्हणे. दर रविवारी, दुकान बंद असताना. चोर धरायला शिकवायचा.

“कसं शिकवायचा? तुम्ही बघायचात ना?”

“तो हाताला गुंडाळून घ्यायचा, डोक्यावरून पांघरायचा, काठीनं डिवचायचा. मग ब्रुनो धरायचा. धरलं की मटण.”

“काय गुंडाळायचा?”

अण्णांनी भिंतीवरच्या पोत्यांकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, “बारदान. दुकानात तेच पडलेलं असतं की हो.”

बघा म्हणजे. चांगले ट्रेनर वेगळी जाड बाही आणतात, कुत्र्याला सोड म्हटलं की सोडायला आधी शिकवतात. यानं हाताशी आलं ते घेतलं. सोळा आणे आडतीचं घर, चारी बाजूंनी पोती, दिवसभर बारदान पांघरून फिरणारी माणसं, आणि त्याच घरात कुत्र्याला शिकवलं काय, तर बारदानातला माणूस दिसला की धर, मटण मिळेल. अण्णांनी दर रविवारी खुर्चीत बसून हे बघितलं, टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी हमालांना कामावर बोलावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी माझ्या हातून द्यायची ठरली होती.

अण्णांना तरी पटेना. “एवढ्याशा पोत्यानं? नाही हो. जित्याची खोड आहे ही, मेल्याशिवाय जायची नाही.”

तेव्हा अप्पा उठले. धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, वय सत्तरीच्या पुढं. ब्रुनोला ते ब्रुन्या म्हणायचे आणि त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायचे. रोज संध्याकाळी दूध-भाकरी कुस्करून घालायचे तेच. म्हणाले, मी खोळ घालतो. मी नको म्हटलं. म्हणाले, “माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो. मला काय करतो बघू दे की.”

मी साखळ्या स्वतः ओढून बघितल्या, मझलचा पट्टा आवळला आणि जमिनीवर चुन्याची रेघ मारली, हिच्या पुढं यायचं नाही म्हणून. अप्पा पोत्यांच्या थप्पीमागं गेले. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता. खोळ डोक्यावर घेऊन, हमालासारखे वाकून, ते थप्पीमागून बाहेर आले.

ब्रुनोनं झेप घेतली. साखळी ताठ झाली, तो हवेतच उलटा फिरला, पडला, उठला आणि पुन्हा गेला. मझलमधून फेस उडत होता. मल्लप्पाची बायको भिंतीला चिकटली. अप्पा रेघेपाशी तसेच उभे. मग त्यांनी दोन्ही हातांनी खोळ काढली आणि म्हणाले, “ब्रुन्या. बा इल्ली.” इकडं ये.

ब्रुनो जागच्या जागी थांबला. कान मागं पडले, पोट जमिनीला टेकलं आणि तो तिथंच मुतला. कुत्र्याला वासावरून माणूस कळतो हे खरं, पण शिकवलेली गोष्ट वासाच्या आधी धावते. वास पोचेपर्यंत दात पोचलेले असतात.

अप्पा खाली बसले आणि रडायला लागले. म्हणाले, लेकराला आम्हीच नासवलं.

पहिला बोलला तो मल्लप्पा. “म्हंजे माज्यावर राग नव्हता त्याचा,” एवढंच म्हणाला. आठवडाभर तो हेच डोक्यात घेऊन बसला होता, की आपण कुत्र्याचं काय वाकडं केलं. त्याला कुणीतरी सांगितलंही होतं, की तुझ्याच अंगात काहीतरी असणार.

मग मी माझ्या अटी सांगितल्या. दहा दिवस संपल्यावर तब्येत नीट असेल, तर मी इंजेक्शन देणार नाही. दुसऱ्या कुणाकडून दिलंत, तर इथं काय शिकवलं होतं ते मी गावाला सांगेन. ट्रेनर बंद. मल्लप्पाचा दवाखाना आणि बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी अण्णांकडे. त्यावर चर्चा नाही. शेडला कुलूप लावायचं आणि किल्ली मुकादमाकडे. शेवटचा हमाल फाटकाबाहेर पडला की मुकादम किल्ली देणार, त्याआधी मालकानं मागितली तरी नाही.

किल्लीचं ऐकून मुकादमानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्याला ते पटलं. कुत्रं ऱ्हायलं तरी चालेल म्हणाला, पण किल्ली माझ्याकडंच.

राहिली सवय मोडायची. तिची रीत अशी: ज्या गोष्टीवर धावून जायला शिकवलंय, ती लांबून दाखवायची, थोडी थोडी, आणि दर वेळी तिच्याबरोबर चांगलं काहीतरी द्यायचं. आधी लांब जमिनीवर घडी केलेलं बारदान आणि शेजारी जेवणाचं ताट. मग जवळ. मग कुणाच्या तरी हातात, मग खांद्यावर, आणि शेवटी डोक्यावर. घाई केली की सगळं पाण्यात.

“करू की,” अण्णा म्हणाले. “एखाद्या हमालाला सांगतो, जास्तीचे पैसे देतो.”

“हमाल नाही. तुम्ही.”

“मी?”

“तुम्हीच. खोळ घालून रोज त्याला तुम्ही जेवण घालायचं.”

अण्णांचा चेहरा उतरला. अंगणाला फाटक, फाटकासमोर रस्ता, पलीकडं आठ-दहा आडती. म्हणाले, डॉक्टर, बाजारात मला शेठ म्हणतात. मी बारदान पांघरून फिरलो तर लोक काय म्हणतील? कुत्र्याचा जीव चालला होता, हमालाची बोटं मिटत नव्हती, आणि याला डोक्यावरच्या पोत्याची लाज. मी उठले, बॅग उचलली आणि म्हटलं, मग चालू द्या तुमचं, मी निघते.

“शिवा,” अप्पा जमिनीवरूनच म्हणाले, “घाल.”

अण्णांनी घातली. त्या दिवशी नुसती हातात घेतली, पण पुढं डोक्यावरही घातली. मी दर पंधरवड्याला जायचे. पहिल्या महिन्यात ताटाकडे बघायचं सोडून ब्रुनो बारदानाकडेच बघत राहायचा. एकदा अण्णांनी माझं न ऐकता घाई केली, जवळ गेले, आणि कुत्रा असा उसळला की आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. समोरचे आडतवाले फाटकाशी येऊन गंमत बघायचे, ‘काय शेठ, किती पोती झाली?’ म्हणायचे. अण्णा आधी लाल व्हायचे. पुढं पुढं त्यांना काही वाटेनासं झालं. एकदा मला म्हणाले, हे फार टोचतं हो मानेला, ही माणसं दिवसभर कसं घालतात? मी म्हटलं, विचारा त्यांना. विचारलं की नाही माहीत नाही.

पावसाळा सरला तेव्हा ब्रुनो बारदानावर झोपायला लागला होता. खोळ घातलेले अण्णा दिसले की शेपूट हलवायचा, जेवण आलं म्हणून. तरी मी किल्ली मुकादमाकडेच ठेवायला लावली, आणि आजही ती त्याच्याकडेच आहे. एकदा शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर दुसरं लिहिलं जातं. आणि हाच पाठ त्या ट्रेनरनं एखाद्या लॅब्राडोरला दिला असता, तर तो बहुधा पोतं घेऊन अंगणभर पळाला असता. म्हणजे ब्रीडचा वाटा होता. दात केवढे आणि पकड किती घट्ट, हे ब्रीडनं दिलं. ते कुणाच्या हाताला लागायचे, हे रविवारी खुर्चीत बसून ठरलं.

परवा लसीसाठी गेले, तर अण्णा कौतुकानं दाखवत होते, बघा डॉक्टर, किती गरीब झालाय. मी मल्लप्पाची चौकशी केली. तो समोरच्या आडतीवर काम करतो म्हणाले. मी रस्ता ओलांडून गेले. बोटं बरीच सुधारली होती, करंगळी तेवढी उभी राहते. भर उन्हात त्याच्या पाठीवर खताचं प्लास्टिकचं पोतं होतं. त्यावरून ओझं घसरतं आणि आत अंग उकडून निघतं. तागाचं बारदान का नाही घेत, मी विचारलं.

“न्हाय घेववत, मॅडम. डोक्यावर घेतलं की समोरनं कायतरी आल्यावानी वाटतं.” मग त्यानं समोरच्या फाटकाकडे बघितलं. “कुत्रं सुदारलं म्हनत्यात. बरं झालं. त्याला शिकवाय तुमी आलासा. माजी भीती काडाय कोन येनार?”

मी कुत्र्यांची डॉक्टर. ‘कुठली जात डेंजर?’ असं आता कुणी विचारलं, की मी आधी विचारते, साखळी कुणाच्या हातात असणार आहे, आणि समोरून कोण येणार आहे. बहुतेकांनी दुसऱ्याचा विचारच केलेला नसतो.